महिरपी कंस

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
दुसऱ्या मजल्यावर आम्ही परदेशी शास्त्रज्ञांची समीकरणं
जागच्या जागी बसवतो.
त्यांत काय सिद्ध झालंय, ते आम्हाला कळत नाही.
घातांक किती वर चढावा, एवढं कळतं.

मला हे हसुराम भोईरांनी शिकवलं.
ते आधी ठाण्याला, जांभळी नाक्याजवळच्या छापखान्यात
लग्नपत्रिकांचे खिळे जुळवायचे,
त्यामुळे आज्ञेआधीची ती उलटी तिरकी रेघ
त्यांना कधी उलटी वाटलीच नाही.
"खिला उलटाच वाचाचा," म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात मी एक लांबलचक अपूर्णांक
अकराव्यांदा टाइप करत होते.
मागे येऊन उभे राहिले.
"पोरी, एवरा लांब रोज कला लिवाचा?
एकदा नाव ठेव त्याला. मंग नुसती हाक मार."
नावं ठेवण्यात मी पटाईत होतेच,
नाव ठेवायला त्या दिवशी शिकले.

त्यांच्या मॅक्रोंची नावं फायलीत इंग्रजी अक्षरांत,
पण हाक घरची.
\सरक म्हणजे स्वल्पविराम केसभर पुढे.
\दम म्हणजे बेरजेच्या चिन्हाआधी श्वासापुरती जागा.
\भावकी: एकमेकांशी न पटणारी सहा समीकरणं
बरोबरच्या चिन्हाखाली एका रेषेत उभी करायची.
"महिरप उघरलीस ना? मंग मिटव.
नायतं सगला गाव आत घुसल."

ते गेले त्याला तीन वर्षं झाली.
आता ओजसला फाइल साफ करायचीय.
"हा बघा, \हसू.
जे घेतो, तेच परत देतो.
काहीही करत नाही.
आणि चार हजार तीनशे बारा ठिकाणी आहे.
उडवू?"

थांब म्हटलं.
जुने लेख उघडले. प्रत्येक समीकरणाभोवती
\हसू, आणि त्याची महिरप.
छापलेल्या पानावर काही उमटत नाही,
फक्त आत, मजकुराच्या मुळाशी, राहतं:
हे मी हस्तलिखिताशी ताडून पाहिलं,
चिन्हागणिक, बोट ठेवून.

एका लेखात मात्र चौदा ते बावीस
उघडीच.
फायलीवरची तारीख घेऊन हजेरीपुस्तक काढलं.
त्या दिवसापुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात:
"रजा. बेलापूर. साडेबारा टक्के."

साडेबारा टक्के.
दोनच शब्द, आमच्याकडे ज्याला त्याला पाठ.
उलगडत गेलं तर
तळवलीची खाचरं, खाडीकडचा बांध,
बापाचा अंगठा, सिडकोचा जिना,
उद्या या म्हणणारा माणूस, तोच माणूस, उद्या या,
चुलत्यांची सात पोरं नि एक प्लॉट,
आणि सातबाऱ्यावर
नावाभोवती कंस.
तिथं कंस केला म्हणजे नाव गेलं.
हा माणूस इथं येऊन दिवसभर
कंसात ठेवून ठेवून जपत होता.
असं काही त्यांच्या मनात असेल,
किंवा नसेलही. मी विचारलं नव्हतं.
डबा खाताना आम्ही सुक्या बोंबलांवर बोलायचो.

नऊ समीकरणं ताडायला मला सात वाजले.
सगळी बरोबर.
उणेचं एक चिन्ह फिकट होतं, पण होतं.
त्यांना मी \हसू घातलं नाही.
दुसऱ्याच्या रजेच्या दिवशी
आपण त्याची सही करू नये.

ओजसने दोन्ही पानं एकावर एक ठेवून दाखवली,
\हसू असलेलं आणि नसलेलं.
"बघा. काडीचा फरक नाही."
"नाहीच आहे," म्हटलं. "राहू दे."
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
आणि हेल्मेट उचललं.

मशीन म्हणत होतं,
पान सात, तिसरी ओळ, पेटी भरून सांडतेय,
अर्धा पॉइंट.
मी म्हटलं, \सरक.