भिरूड

आंब्याच्या बुडाशी भुसा दिसला,
ओला, लालसर, चघळून थुंकल्यासारखा.
लगेच आरळ्याला निरोप धाडला.

तातोबा सुतार आला,
तारेचा आकडा, रॉकेलचा बोळा
आणि पिशवीत शेणमातीचा गोळा घेऊन.
खोडाला कान लावला नाही त्यानं.
शिराळ्याच्या वखारीत चाळीस वर्षं
करवतीच्या पट्ट्यानं त्याचे कानच कापून नेलेत.
तळवा टेकला. डोळे मिटले.
"हितं न्हाई." वीतभर वर सरकला. "हितं.
चावतोय. भायेर निघायच्या बेतात हाय."

आणि सांगत बसला,
सोयऱ्याधायऱ्यातलं कुणी असावं तसं:
मादी दातानं साल चिरते,
चिरेत तांदळाएवढं अंडं ठेवते, वळून बघत नाही.
अळीला पाय नसतात.
"पाय कशाला? घरच खायाचं की!"
बोटाएवढी जाड, मेणाच्या रंगाची,
वर्षभर, कधी जास्तच, काळोखात
पुढचं लाकूड मागं सारत जाते.
"ना गुण्या, ना वळंबा,
पर बीळ बग, गिरमिटानं पाडल्यागत."

तेवढ्यात सालीची टिकली उडाली.
रुपयाएवढं भोक,
भोकात आधी दोन जबडे,
मग मिशा. किती मिशा!
अंग संपलं तरी मिशा येतच होत्या,
गाठीगाठींच्या, मागं वळलेल्या.
राखेच्या मखमलीवर नारिंगी ठिपके,
मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा,
कुशीवरून चुन्याची रेघ ओढल्यासारखी.

तातोबानं तो चिमटीत धरला
आणि किडा कुरकुरला,
चर्र, चर्र,
नव्या दाराची बिजागरी बोलावी तसा.
मला स्वच्छ ऐकू आलं.
तातोबाला नाही.
पण त्याची बोटं थरथरली
आणि तोंडभर हसला तो.
"बोलतोय गं. बोटात बोलतोय."

"मारा तो," मी म्हणाले.
"चार कलमं अजून कोवळी आहेत."
त्याला ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं.

भोकात गोळा दाबला, अंगठ्यानं सारवला,
मजुरी निम्मीच घेतली:
"माझ्याआधी त्यानंच काम उरकलं."

वारणेच्या पुलावरून तो परत निघाला
तेव्हा सदऱ्याच्या खिशात
सुतारी पेन्सिलीच्या शेजारी
दोन मिशा
वाऱ्याचा अंदाज घेत होत्या.