हर्णैच्या आधीची यादी

नकाशा फरशीवर पसरलाय.
एका कोपऱ्यावर तांदळाचं माप,
दुसऱ्यावर भरमाण्णाचा चष्मा.
वडगावातून वर निपाणी, कोल्हापूर, कराड,
मग डावीकडं कुंभार्ली उतरायचा,
आणि डोंगर संपता संपता हर्णै.

वन्सं म्हणाल्या, "समुद्रच बघायचा तर गोवा हाय की,
सकाळी जाऊन रात्री जेवायला घरात."
त्यांना कसं सांगू,
रात्री घरात जेवायचंच नाही मला.

हिशोब मागाच्या वहीत, मागच्या पानावर:
एस्टी, खोली, मासे (हा खात नाही, तरी),
एक दिवस जास्तीचा,
कशासाठी ते लिहिलं नाही.
शेठच्या सतरा साड्या शनिवारी उतरल्या
तर रविवारी निघायचं.
गेल्या वर्षीही ह्याच 'तर'वर अडकलो होतो.

ह्याला घाटाची भीती नाही, खर्चाचीही नाही.
एकवीस वर्षं मागाशेजारी झोपलेला माणूस
विचारतो,
"तिकडं रात्री एकदम गप्प असतंय काय?"
"लाटा असतात की."
"त्यांचा काय नेम? मधेच थांबल्या तर?"

काल रात्री पाणी प्यायला उठले.
रातपाळीचा माग सुरू होता
आणि हा त्याच्या पुढ्यात उभा, बनियनवर,
मोबाईल धोट्याजवळ धरून
खटाखट भरून घेत होता.
मला बघितलं नाही त्यानं.
मीही काही बोलले नाही.

सकाळी यादीत खाली एक ओळ वाढवली:
चार्जर.