पाझर

जालन्याच्या रोलिंग मिलमधी
बारा वर्षं सळई ओढली मी.
दर इलेक्शनला तेच:
वरचं तळं भरू द्या,
पाझर खाली येतोच.
टाळ्या बी वाजवल्यात मी, खोटं कशाला बोलू.

आला की पाझर.
ऑफिसातल्या एसीच्या पायपातून
थेंब थेंब,
रंगाच्या रिकाम्या डब्यात.
इलियास त्यात गमछा भिजवतो,
भट्टीपुढं जाताना डोक्याला गुंडाळतो.

मालकाची दोन शेडं वाढली,
माझा ठेकेदार बदलला.
हजेरी तीच.

औंदा मतदानाला न्यायला गाडी आली, थंडगार.
म्हणलं, चालत येतो.

शाई लावणारीनं बोट धरलं,
फिरवून पाहिलं.
"काका, नख कुठंय?"

ते बी झिरपलं आसंल, बाई,
वर.