चेंदणीचा चंद्र

"चंद्रावर वारा नाही,
मग झेंडा फडफडला कसा?"
भाच्याने फॉरवर्ड पाठवलाय,
खाली डोळा मारणारा पिवळा चेहरा.
एकतीस वर्षं कळव्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं मी,
उत्तर येतं मला: आडवी दांडी, जडत्व, निर्वात.
टाइप करायला घेतलं
आणि अंगठा अडला.

कारण एक झेंडा माझ्यामुळे फडफडला होता.

एकोणसत्तरचा भाद्रपद, चेंदणी कोळीवाडा.
गणपतीच्या डाव्या हाताला चंद्र:
बांबूच्या कामट्या, त्यावर गोणपाट, त्यावर चुना,
चुना ओला असतानाच वाट्या दाबून पाडलेली विवरं.
वाट्या आमच्याच घरातल्या,
आई नंतर महिनाभर शोधत होती.
हे सगळं हिराकाकाचं,
हिराजी मोरेकर, वागळे इस्टेटीत वायरमन,
रात्रपाळीहून येऊन न झोपता
सायकलच्या चेनवर माणूस चंद्रावर उतरवायचा.

पडद्यामागे मी, नऊ वर्षांची.
माणसाचा पाय चुन्याला टेकला
की टेबलफॅनचं बटण दाबायचं, एवढंच माझं काम.
मी म्हटलं, काका, बाई सांगतात तिथे वारा नसतो.
ओठांत चार खिळे धरून तो म्हणाला,
"मना ठाव हाय गो.
पन लटकलेला झेंडा बघाला कोन येल?"

रांग जांभळी नाक्यापर्यंत गेली.
पुठ्ठ्याच्या यानालाही लोकांनी हात जोडले,
कुणी त्याच्यापुढे दहा पैसे ठेवले.
धाकूबाय सुकी मासळी विकायची,
ती उभी राहिली, चंद्राकडे नीट बघितलं
आणि विचारलं, "त्याच्याव पाय ठेवला,
आता उधान कमी येल का?"
सगळे हसले. मीही.
पुढे कधीतरी, वर्गात भरती-ओहोटी शिकवताना
खडू हातातच राहिला माझा:
त्या दहा दिवसांत अख्ख्या मंडपात
विज्ञानाचा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला होता.

मग दर दोन-चार वर्षांनी एक नवं आकाश.
स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या आळीने
आदल्या रात्री पाळलेल्या कोंबड्या कापल्या,
सकाळी कोंबड्याही नाहीत, स्कायलॅबही नाही.
दीड महिन्याने ती मंडपात पडली, रोज सात वेळा.
शहाऐंशीचा धूमकेतू खरा कुणाला धड दिसलाच नाही;
आमच्याला मात्र जुन्या जाळ्याची शेपटी,
तिला अजून बोंबलाचा वास.
आणि गणपती दूध प्याले त्या दिवशी
हिराकाका इस्त्रीपुढे चमचा धरून बसला.
"बग, इस्तरीपन पितं!"
काकी म्हणाली, मग तिलापण हार घाला.
त्याने घातला.

थर्माकोल आला, चंद्र हलका झाला.
मग थर्माकोलवर बंदी आली,
तोवर हिराकाका नव्हता.

मी पुस्तकं वाचली, मुलांना शिकवलं,
चंद्राचं वस्तुमान झोपेतही सांगेन.
पण डोळे मिटले की जो येतो
त्याला चुन्याचा वास आहे
आणि एका विवराच्या तळाशी
आमच्या वाटीवरचं आजोबांचं नाव, उलटं.

विसर्जनाच्या रात्री चंद्रही होडीत चढवला.
चतुर्दशी, बारा वाजून गेलेले, खाडी तट्ट भरलेली.
वरचा पाणी ओढत होता,
खालचा पाण्यात विरघळत होता,
पांढरा डाग पसरत पसरत कळव्याच्या दिशेने गेला.
सगळे मूर्तीकडे बघत होते.
धाकूबाय एकटी धक्क्याच्या पायऱ्या मोजत होती,
लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.
चौथ्या पायरीवर हात ठेवून म्हणाली,
"कमी नाय झाला."

भाच्याला लिहिलं: झेंडा मी हलवला होता.
त्याने तीन प्रश्नचिन्हं पाठवली.
मग लिहिलं, परवा पौर्णिमा आहे,
रात्री साडेबाराला चेंदणीच्या धक्क्यावर ये,
चप्पल जुनी घाल,
पायऱ्यांना शेवाळ असतं.