हल्ला

मालकीण फिनलंडची. जाताना ठेवून गेली
लोखंडी कंगवा, कुत्री, आणि तिचं नाव: हल्ला.
मी हाक मारली की दिवाडीतली पोरं कुंपणावर.

मे महिन्यात विंचरायला बसलो
तर बाल्कांवभर लोकर,
तिच्यातून आणखी एक कुत्री झाली असती.

चावत नाही. मोजते.
फेरीच्या धक्क्यावर माणसं पांगली
की गोल फिरून पोटऱ्यांना नाक लावते:
सायकलवाला पोदेर, पाटीवाली इझाल्तिना, दोन स्कूटर.
कळप बोटीत चढला की मगच बसते.

परवा फोनवर अर्थ विचारला.
उन्हाळ्यातल्या रात्री शेतावर
अवचित पडतं ते दंव, म्हणाली बाई.

आज सगळे चढले, तरी ही बसेना.
मी चहाच्या गाड्यापाशी, सुट्टे शोधत.
पोटरीला काहीतरी गार लागलं.