अर्धं युनिट

पहाटे पावणेपाचला बिबवेवाडीतून निघाले तेव्हा
पडद्यावर शंभर होते.
वॉचमननं गेट उघडत विचारलं, मॅडम, एवढ्या लवकर भाजी?
म्हटलं, महाड.
त्यानं गेट जरा जास्तच उघडलं.

कात्रजचा जुना घाट. बोगद्याआधीची ती चढण,
जिथं कॉलेजात असताना मी उतरून सायकल ढकलली होती
आणि टपरीवरची पोरं हसली होती.
आज पोटऱ्यांना कुणीतरी हात लावतंय,
विहिरीवर शेजारीण न बोलता आपला दोर धरते, तसा.
नव्वद. अठ्ठ्याऐंशी.
बोगद्यात मी घंटी वाजवली. उगाच.

आमच्या मजल्यावरचे काकतकर म्हणतात,
मोटर लावून सायकल म्हणजे लिफ्टनं गड चढणं.
काकतकर, गुडघा माझा आहे, त्यातला धातू परदेशी,
आणि बँकेतली एफडी मोडली तीही माझीच.
तुमची फुशारकी तेवढी तुम्ही ठेवा.

मला आकडे सोडत नाहीत.
एकतीस वर्षं रास्ता पेठेत, वीज बिलाच्या टेबलावर:
चालू रीडिंग वजा मागील रीडिंग,
स्थिर आकार, वहन आकार, थकबाकी.
माणसं मला बारा आकड्यांनी माहीत होती.
म्हणून रात्रभर कागदावर मांडलं होतं,
किती चढ, किती उतार, माझं वजन (खरं),
सायकलचं वजन, तिळाच्या वड्यांचं वजन.

वारा मांडायचा राहिला.

भोर सोडलं आणि तो समोरून आला.
देवघरच्या धरणाकडेनं आकडा उतरत गेला,
एकोणीस, चौदा,
नऊवर मी एका दारात उभी राहिले.

तान्हुबाई कंक. घरात प्लग एकच.
तिनं मुलाचा मोबाइल काढला, माझी बॅटरी लावली.
किती येळ लागंल?
तीन-चार तास.
मग जेवूनच जा.

दारावर मीटर. सवयीनं नजर तिकडं गेलीच.
मीटरमागं घडी करून खोचलेलं बिल, कडेला हळदीचा अंगठा.
मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता.
एका युनिटला बत्तीसशे लुकलुकी.
माझी बॅटरी अर्ध्या युनिटाची, म्हणजे सोळाशे.
मी ओट्यावर बसून मोजायला लागले.

तीनशेच्या आसपास आठवल्या त्या याद्या.
तात्पुरता खंडित. कायमचा खंडित.
प्रत्येक पानाखाली माझी दोन अक्षरं, निळ्या शाईत.
यादीत ओटा नव्हता. ओट्यावर वाळत घातलेले वाल नव्हते.
तीनशे अकरा, तीनशे बारा.

पन्नासची नोट काढली तर तान्हुबाई म्हणाली,
इजेचं कसलं पैसं? ती काय आमच्या म्हशीनं दिली?

मग बिल मागून घेतलं. पाच महिने सरासरी लावलेली,
शेरा: मीटर नादुरुस्त.
आणि मीटर माझ्यासमोर डोळे मिचकावत होता.
कॅलेंडरच्या जुन्या पानामागं अर्ज लिहून दिला,
ग्राहक क्रमांकासकट, विनंती विशेषसकट.
असे अर्ज कुठल्या कपाटात जाऊन पडतात
ते मला ठाऊक आहे.
तिला सांगितलं नाही.
माझा नंबर मात्र कोपऱ्यात लिहिला.

दुपारी लाइट गेली. बॅटरी एकसष्टवर.
तान्हुबाई पदर तोंडाला लावून हसली,
तुमच्याच हापिसातनं गेली असंल.

वरंध्याच्या माथ्यावर काकतकरांचा फोन.
काय, कुठपर्यंत?
खाली कोकण दिसत होतं, धुरकट,
उतार सगळा फुकटचा.
म्हटलं, सोळाशेपैकी नऊशे झाले, काकतकर.
मग लाइट गेली.