वयख

पाडळश्याच्या लग्नात भरिताची पंगत.
वाढत वाढत ती माझ्यापर्यंत आली.
दर गुरुवारी चार ते पाच
भुसावळच्या माझ्या खोलीत बोलते, ती.

कोकिळाकाकू म्हणाल्या,
"नलूची सून. वयखता का इले?"
"नाही," म्हणाले, आणि द्रोण पुढे केला.
तिची पळी जराही हलली नाही.
पुरी मोडताना मीच अडखळले.

गुरुवारी आली. पंखा आपणच लावला.
"मॅडम, तुमचे मिस्टर
भरितातले शेंगदाणे वेचून कडेला ठेवतात.
आणि अख्ख्या पंगतीत
तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत."

खाली मालगाडी सरकत होती, संपेचना.
मी वहीत तारीख घातली.
पुढची ओळ
कुणाच्या फायलीत लिहायची?